बिननावाचा डबा

केनियातल्या इटेनहून एल्डोरेटला निघालेल्या मटाटू मिनीबसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोन धावपटू मुली बसल्या होत्या.

"जेमेलीताई, उद्या शर्यतीनंतर लघवी तपासतात का गं?"

"जिंकलीस तर तपासणारच. का गं, चेरोप?"

"सरावानंतर मी दुधातून एक पावडर पितेय. थकवा कसा तो राहतच नाही."

"कुणी दिली?"

"कोचसरांनी. डब्यावर नावबिव काही नाही."

"वेडाबाई, विचारायचं तरी!"

"विचारलं. म्हणाले, ताकदीची आहे."

"त्यांची मुलगीही धावते ना? ती पिते?"

"छे! तिला घरी आंबवलेलं दूध, मुरसिकच देतात."

"ताकदीची आहे, तर तिला का नाही देत?"





"ड्रायव्हरदादा, थांबवा! मला उतरायचंय."

"अगं, आणि शर्यत?"

"तू धाव. कुणी विचारलं तर सांग, चेरोपचं पोट बिघडलंय."