टीबीची लस आणि माझं ‘नाही’

एका शब्दाने मी बाबांचा जीव घालवणार होतो, खरंच सांगतो. त्यांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी केमोऐवजी दर आठवड्याला नळीने आत बीसीजी, म्हणजे टीबीची लस, सोडायला घेतली. केमोत आमच्या आत्याचे केस गेले होते, उलट्यांनी ती बेजार झाली होती. बाबांना तसलं काहीच नाही, म्हणून आम्ही निर्धास्त.

पाचव्या डोसनंतर ताप चढला. तीन दिवस उतरेना, वर थंडी वाजून अंग थडथड उडायचं. आमच्या गावात, उमेळ्यात, तेव्हा घरोघर मलेरिया. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, “कॅन्सरचं काही इंजेक्शन चालू आहे?”

मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी मलेरियाच्या गोळ्या लिहिल्या. आम्ही निघालो, तेवढ्यात आई दारातून मागे वळली.

“डॉक्टर, इंजेक्शन नाही, पण नळीने यांना टीबीची लस देतात. ती बाधली नसेल ना?”

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. “त्या लशीत टीबीचे जिवंत जंतू असतात, ते अंगात पसरले असतील! आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या.”

तिथे त्याच दिवशी टीबीची औषधं सुरू झाली. आठवड्याने ताप उतरला, तेव्हा बाबा मला एवढंच म्हणाले, “यापुढे डॉक्टरांशी आईला बोलू दे.”