जॅकेट आणि डबा

त्या दिवशी एवढी थंडी होती, की दहा वाजले तरी आमच्या गॅलरीतलं ऊन कोमटच होतं बघा. मी उन्हाला बसलो होतो, तेवढ्यात बोहारीण आली. खुर्चीवर एक चामड्याचं जॅकेट पडलं होतं, कोपरांवर पार घासलेलं. कंप्युटर कंपनीत नोकरी करणारा आमचा संजू असलं कशाला घालील? ते देऊन मी स्टीलचा डबा घेतला.

तासाभरानं संजू अंघोळ करून आला. "अप्पा, माझं जॅकेट कुठंय?"

"ते जुनेर? हा बघ त्याचा डबा."

"अहो अप्पा, अस्सल इटलीचं होतं ते! नवं परवडेना, म्हणून वापरलेलं घेतलं. खरं की नकली हे बघण्यात दोन महिने गेले. उद्या तेच घालून जर्मनीला जायचंय मला."

डबा घेऊन मी एकेक पायरी उतरत निघालो. बोहारीण आता कुठली सापडते?

पण खालच्या मजल्यावर लेलेबाईंच्या दारात ती अजून बसलेली! तासभर दोन साड्यांवर घासाघीस चाललेली. तिनं बिचारीनं डबा घेऊन जॅकेट परत दिलं. माझा जीव भांड्यात पडला.

मी हात जोडले. "लेलेबाई, तुमच्यामुळं वाचलो."

बाईंनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "आभार राहू द्या. आधी हिला सांगा, दोन साड्यांना हे पातेलं लहान आहे."