रणगाड्यांच्या खेळाचं कार्ड

सरोजिनी: गंधार, या रणगाड्यांच्या खेळावर बदक कोणी लावलं?

गंधार: मी नाही आत्या. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर लावतं. खेळाच्या फाइलीचं नाव बघतं, नेटवर शोधतं आणि मिळेल ते चित्र आणून डकवतं.

सरोजिनी: म्हणजे आमचा गुरुबसप्पाच. कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होता. पुस्तक न उघडता, जिल्द बघून कपाटात लावायचा. एका प्रेमाच्या कादंबरीवर नांगराचं चित्र होतं, तर ती शेतकीच्या कपाटात. त्या वर्षी पोरांना शेतकीची काय गोडी लागली होती!

गंधार: मग तू काढली असशील तिथून.

सरोजिनी: मार्चपर्यंत राहू दिली. वाचून राहिली होती ना पोरं.

गंधार: अण्णांसाठी घेतलेल्या या हातात धरून खेळायच्या यंत्रात चारशे बारा खेळ आहेत. दीडशेंना चित्रच नाही, नुसता करडा चौकोन. नावं इंग्रजी, काही तर जपानी. आणि अण्णांना एकाही खेळाचं नाव माहीत नाही. म्हणून तर नांदेडहून तुझ्याकडे आलो. एकतीस वर्षं ग्रंथपाल होतीस.

सरोजिनी: पुस्तकांची होते, या डबीची नव्हे. केवढंसं आहे हे! साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं. आणि चारशे बारा खेळ कशाला? माझ्या भावाला लकवा मारलाय, जन्मठेप नाही झाली.

गंधार: मग किती ठेवू?

सरोजिनी: आपण दोघं खेळून बघू तेवढेच. वस्तू हातात घेतल्याशिवाय सूचीचं कार्ड करायचं नाही, हा आमचा ग्रंथालयातला नियम.

गंधार: तू खेळणार?

सरोजिनी: मग सकाळपासून काय करून राहिले? तू नळाचं पाणी भरत होतास तोवर तीनदा मेले.

गंधार: आत्या, तू म्हणजे ना!

सरोजिनी: हसू नकोस. दासा कसा आहे ते सांग. फोनवर नुसतं 'ठीक' म्हणतो.

गंधार: पाय सुधारलाय, घरातल्या घरात चालतात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवून बसतात, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. बोटं हलवली नाहीत तर आखडतील म्हणाले डॉक्टर. दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता.

सरोजिनी: मग?

गंधार: गॅलरीतून खाली पोरांना देऊन टाकला. म्हणे, त्यांना जास्त गरज आहे.

सरोजिनी: शहाणाच आहे. आणि लिहितो का काही?

गंधार: न्हाई. एकदा पेन धरलं, एक रेघ ओढली आणि कागद चुरगळला. चार महिने झाले त्याला. पस्तीस वर्षं फळ्यावर गणितं लिहिलेला माणूस, आत्या. परवा सही करा म्हटलं तर अंगठा पुढे केला.

सरोजिनी: अंगठा? दासानं?

गंधार: हाव.

सरोजिनी: आईच्या पत्रांवरचे पत्ते तो लिहायचा. उदगीरचा पोस्टमन म्हणायचा, बाई, या पाकिटावर शिक्का मारायला जिवावर येतं.

गंधार: डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी हातात द्या. मला हाच खेळ आठवला.

सरोजिनी: आठवणारच. मे महिन्यात मी नांदेडला यायचे. दुपारी तुम्ही पोरं झोपलात की वजिराबादेतून आणलेला तुझा तो टीव्हीचा गेम दासा जप्त करायचा आणि स्वतःच घेऊन बसायचा. मी विचारलं तर म्हणे, अक्का, वायर तपासून राहिलोय.

गंधार: दोन-दोन तास?

सरोजिनी: वायर लांब होती.

गंधार: बरं, बदक काढलं. आता काय लावू? नेटवर मूळ डब्याचं चित्र आहे, जपानी.

सरोजिनी: दासानं कधी बघितलाय तो डबा? वाचक नाव विसरतो रे, रूप विसरत नाही. 'ते निळ्या जिल्दीचं, कोपरा मुडपलेलं द्या' म्हणतो. दासानं काय बघितलं होतं?

गंधार: कॅसेट. पिवळी. थांब, आणलीय मी. माळ्यावर सापडली. हे बघ.

सरोजिनी: चष्मा दे माझा. अगंबाई, चिठ्ठी अजून चिकटून आहे! 'रणगाडे. गृहपाठ झाल्यावरच.' काय अक्षर आहे बघ. दटावणी लिहिलीय, पण अशी की कोणी चौकटीत लावावी.

गंधार: शाई जरा उडालीय.

सरोजिनी: उडू दे. हिचाच फोटो काढ. हेच मुखपृष्ठ.

गंधार: नको आत्या. यंत्र उघडलं की त्यांना स्वतःचं अक्षर दिसेल. वाईट वाटेल. रागावतील.

सरोजिनी: रागावू दे. रागावला की दासा हात उगारतो. उजवाच.

गंधार: तुला थट्टा सुचून राहिली.

सरोजिनी: मला भावाचा हात दिसून राहिलाय. काढ फोटो. खिडकीपाशी जा, उजेडात. आणि तुझं बोट मध्ये येऊ देऊ नकोस.

गंधार: काढला. लावला. आता खालची माहिती. प्रकार?

सरोजिनी: युद्ध.

गंधार: खेळाडू?

सरोजिनी: दोन. पण एकट्यालाही जमतं, तेही लिही.

गंधार: वर्णन?

सरोजिनी: लिही. 'वरच्या बाजूनं रणगाडे येतात. खाली मध्ये आपला किल्ला आहे, तो सांभाळायचा. घाई केली तर आपल्याच गोळीनं आपली भिंत फुटते.'

गंधार: झकास. नेटवरच्यापेक्षा चांगलं आहे.

सरोजिनी: अनुभवाचं आहे. सकाळी तीनदा फोडली.

गंधार: नकाशे किती? म्हणजे एक जिंकला की पुढचा येतो, असे एकूण.

सरोजिनी: वीस.

गंधार: पस्तीस आहेत आत्या. मी लहानपणी पोचलोय शेवटपर्यंत.

सरोजिनी: वीस लिही.

गंधार: मगाशी तूच म्हणालीस, वस्तू हातात घेतल्याशिवाय...

सरोजिनी: गंधार, ऐक. चौथीत असताना दासानं पाढ्यांच्या पुस्तकातली चूक काढली होती. तेवीस सक एकशे अठ्ठावीस छापलं होतं. त्यानं छापखान्याला पत्र लिहिलं. माफीचं कार्ड आलं घरी. स्वतःच्या लग्नात गुरुजींनी तिथी चुकीची म्हटली, तर हा मुंडावळ्या बाजूला करून म्हणतो, 'गुरुजी, आज अष्टमी.' चूक दिसली की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

गंधार: म्हणजे विसावा नकाशा जिंकला आणि एकविसावा समोर आला, की...

सरोजिनी: मला काय माहीत? मी म्हातारी बाई. म्हाताऱ्यांच्या नोंदी चुकतात. शेवटी लिही, 'नोंद करणार: सरोजिनी.' म्हणजे कोणावर ओरडायचं ते कळेल त्याला.

गंधार: आणि विसाव्यापर्यंत पोचलेच नाहीत तर?

सरोजिनी: तर माझं एक कार्ड चुकीचं राहील. जन्मात पहिलं.

गंधार: आत्या...

सरोजिनी: खाऊन घे आधी. चुरमुऱ्यांचा सुशीला केलाय, गार होऊन राहिलाय.

(अठरा दिवसांनी. सरोजिनीबाईंच्या लातूरच्या घरी फोन.)

रेणुकादास: अक्का. फुरसत आहे का?

सरोजिनी: बोल दासा. कसा आहेस?

रेणुकादास: ठीक. तुझ्या कार्डात चूक आहे.

सरोजिनी: कुठल्या कार्डात?

रेणुकादास: भोळेपणा नको. रणगाडे. तू लिहिलंस, वीस नकाशे. वीस नाहीत.

सरोजिनी: मग किती आहेत?

रेणुकादास: काल बाविसावा झाला. आज तेविसावा चालू आहे. एकूण किती, ते शेवटपर्यंत गेल्याशिवाय सांगणार नाही. अंदाजानं नोंदी करायची सवय मला नाही.

सरोजिनी: गंधार तर म्हणाला, यंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे.

रेणुकादास: होतं. तीन दिवस. मग वायर तपासायला काढलं.

सरोजिनी: त्याला वायर नाही दासा.

रेणुकादास: तेच तपासलं.

सरोजिनी: आणि गोळी मारायचं बटण? ते उजवीकडे आहे.

रेणुकादास: माहीत आहे. अंगठा दुखतो. लई दुखतो.

सरोजिनी: दुखतो ना? म्हणजे जागेवर आहे.

रेणुकादास: अक्का, एकतीस वर्षांत तुझी एक नोंद चुकली नव्हती.

सरोजिनी: वय झालं रे.

रेणुकादास: हाव. वय झालं. गंधारला सांगून दुरुस्त करून घे.

सरोजिनी: अशी तोंडी दुरुस्ती नाही होत. आमच्याकडे वाचकाची तक्रार लेखी लागायची. नाव, तारीख, चूक काय, बरोबर काय. खाली सही.

रेणुकादास: मी लिहीत नाही, माहीत आहे तुला.

सरोजिनी: माहीत आहे. मग वीसच राहू दे.

रेणुकादास: वीस चूक आहे!

सरोजिनी: असेल. माझ्याकडे लेखी काही आलेलं नाही.

रेणुकादास: तू लहानपणापासून अशीच आहेस.

सरोजिनी: अशीच आहे. मग, तक्रार येणार का लेखी?

रेणुकादास: गंधारला तूच सांग, संध्याकाळी घरी येताना रेघांची वही आण म्हणावं. कोऱ्या कागदावर ओळ तिरकी जाऊन राहिली माझी.