जिभेचा कौल

भिंगरी : बाई, एक विचारू? रागावणार नाही म्हणा आधी.

बाई : आधी पिस्तूल खाली ठेव. नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. हं, विचार आता.

भिंगरी : नेम धरताना तुम्ही जीभ बाहेर का काढता?

बाई : हे तुझ्या डोक्यातलं नाही.

भिंगरी : मैत्रिणींनी पैज लावलीय. म्हणाल्या, बाईंना हे विचारायची तुझी छातीच नाही.

बाई : मग जिंकलीस. मला तर कळतही नाही गं ती कधी बाहेर येते. सगळं लक्ष बोटात गेलं की तोंडावर पहारा ठेवायला घरी कोणी उरत नाही.

भिंगरी : पण फोटोत कसं दिसतं ते.

बाई : पदक मिळवल्याच्या दिवसाचा माझा एकही फोटो भिंतीवर लावण्यासारखा नाही. पदकं मात्र लावलीत. बरं, तुझे आईबाबा पाचला येतायत निवड चाचणीच्या फॉर्मवर सही करायला. त्यावर पिस्तुलाचा नंबर एकदा चढला की अख्खा हंगाम तेच. नवं की जुनं?

भिंगरी : नवं.

बाई : हातात न घेताच?

भिंगरी : काळं कुळकुळीत आहे. ट्रिगर हलका. आणि बाबांनी त्याचा फोटो कालच सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय.

बाई : गेल्या स्पर्धेत काय झालं होतं?

भिंगरी : तेच काढा तुम्ही. काचेमागे काका मोबाइल घेऊन उभे होते. मी ओठ आवळून, मान ताठ करून छान उभी राहिले. पाचातल्या दोन गोळ्यांनी कागदाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

बाई : आणि फोटो?

भिंगरी : झकास आला.

बाई : दोन्हींत पाच-पाच गोळ्या भर. आधी तुझं कुळकुळीत. घाई नको... झाल्या पाचही? सांग.

भिंगरी : लोणी आहे नुसतं. बोट टेकलं की सुटतं. पहिली गेली, दुसरी आपसूक वर चढली, आणि मी नेम धरेपर्यंत तीही गेली.

बाई : कोणी सोडली ती?

भिंगरी : पिस्तुलानं.

बाई : घे आता जुनं.

भिंगरी : मूठ केवढी झिजलीय ह्याची. किती जणींचे हात लागलेत कोण जाणे. पण बसली हो, अंगठ्याखाली अगदी मापाची बसली. नळीकडे जरा जड वाटतंय.

बाई : जड आहे म्हणूनच झटक्यानंतर नळीच्या टोकावरची नेमाची माशी पुन्हा जागेवर येते. ट्रिगरचं बोल.

भिंगरी : आधी थोडी ढील आहे. मग अडतोय. भिंत लागल्यासारखा.

बाई : त्या भिंतीपाशी थांबायला शीक. घाई तुला आहे, त्याला नाही.

(पाच बार. मध्ये मध्ये बराच वेळ.)

भिंगरी : बाई, कागद बघा. पाचही एका मुठीत मावतील. हे उंबऱ्याशी येऊन विचारतं, जाऊ का? मी हो म्हटलं की मगच जातं.

बाई : रिकामं कर, मला दाखव, ठेव खाली. आणि जीभ आत घे.

भिंगरी : काय?

बाई : दुसऱ्या गोळीपासून बाहेरच आहे ती.

भिंगरी : अगं बाई. मैत्रिणींना नका ना सांगू.

बाई : मी कशाला सांगू? काचेमागे बघ कोण आलंय मोबाइल घेऊन.

(बाबा आत येतात, मागोमाग आई.)

बाबा : काय हे भिंगरे, कसलं तोंड केलं होतंस? पाच फोटो काढले, एक धड नाही. नवं ठरलं ना? सगळे विचारतायत.

भिंगरी : ठरलंय.

बाबा : बाई, हलकंच द्या हो तिला. बोटांत जोर कुठाय हिच्या? आणि साधी वही घ्यायची तर तीन दुकानं पालथी घालते, ही काय ठरवणार?

भिंगरी : आई, तू त्यांच्या मागे हसतेयस, दिसतंय मला. दोघंही ऐका. मी जुनं घेतेय. नंबर मीच लिहिते फॉर्मवर, तुम्ही खाली सही करा. आणि बाबा, तो जीभ बाहेरचा फोटो पुसू नका. सगळ्यांना तोच पाठवा.