तळघरातला लेख

विद्यार्थिनी : पण मॅडम, इतक्या जणांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार ना? अजून एक संदर्भ द्या, की माझ्या प्रबंधाचं हे प्रकरण संपलं. उद्या सरांच्या हातात द्यायचंय.

ग्रंथपाल : वाक्य पुन्हा वाच बघू.

विद्यार्थिनी : ‘रोज गोष्ट वाचून दाखवली की मूल लवकर बोलू लागतं.’

ग्रंथपाल : हे या पुस्तकाच्या लेखकांना कुणी सांगितलं? तळटीप बघ.

विद्यार्थिनी : या दुसऱ्या पुस्तकातल्या बाईंनी.

ग्रंथपाल : आणि बाईंना?

विद्यार्थिनी : थांबा हं... अगं बाई, आमच्या सरांनी! त्यांच्या पुस्तकातून घेतलंय. झालं तर मग.

ग्रंथपाल : झालं कसलं? सरांनी कुठून आणलं?

विद्यार्थिनी : मासिकातल्या एका जुन्या लेखातून. तो नेटवर नाहीये, म्हणून मी सोडून दिला.

ग्रंथपाल : आणि तळटीप मात्र दिलीस, वाचल्यासारखी.

विद्यार्थिनी : सगळेच देतात, मॅडम.

ग्रंथपाल : म्हणूनच विचारतेय. जुने अंक तळघरात आहेत, वर्षाप्रमाणे लावलेले. जा, तूच शोध. मी येणार नाही, माझे गुडघे कुरकुरतात.

(बऱ्याच वेळाने विद्यार्थिनी धुळीने माखलेल्या हातांत जुना अंक घेऊन वर येते.)

विद्यार्थिनी : मॅडम, हे वाक्य इथे आहे. पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे.

ग्रंथपाल : पुढे?

विद्यार्थिनी : ‘हे कुणीतरी तपासून पाहायला हवं.’ बस, लेख संपला. म्हणजे कुणी तपासलंच नाही?

ग्रंथपाल : मला काय ठाऊक? नंतरच्यांनी काय केलं ते शोधावं लागेल. कसं शोधायचं ते दाखवते.

विद्यार्थिनी : पण माझं अख्खं प्रकरण यावर उभं आहे. आणि सरांचं पुस्तकही. मला भीती वाटतेय, खरंच. ते चिडले तर?

ग्रंथपाल : चिडतीलही. तू काय करणार?

विद्यार्थिनी : ...फोन करते.

ग्रंथपाल : बाहेर जाऊन कर. इथे लोक वाचतायत.

विद्यार्थिनी : आलेच. (बाहेर जाऊन फोन करते आणि लगेच परत येते.)

ग्रंथपाल : इतक्यात झालं? काय म्हणालीस?

विद्यार्थिनी : सगळं सांगितलं. प्रकरण उद्या देत नाही म्हटलं.

ग्रंथपाल : आणि सर?

विद्यार्थिनी : त्यांनी विचारलं, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. त्यांना तो लेख वाचायचाय.