'सु'च्या पुढचं अक्षर

(तलासरीत हायवेला लागून असलेलं दगडकामाचं दुकान. काळ्या पाटीवर 'सु' एवढंच अक्षर कोरून झालंय.)

उमेश : नविनभाई, हात का थांबवलात? 'सु' झाला ना, आता 'ख' काढा. सुखदेव. कागदावर लिहून दिलंय मी.

नविन : लिहून दिला ते बरोबर, उमेशभाई. पण तुमच्या पप्पाला मी चांगला ओळखत होतो. सुखदेव कोण, ते मने माहीत नाय. म्हणून तुमच्या बेनला फोन केला. ही बघा, आली.

उमेश : तुम्हाला दगड कोरायला दिलाय की पंचायत भरवायला? ताई, तू कशाला उन्हातून आलीस? आज तुझा सोमवार, पोटात काही नाही.

निलम : उपास पोटाचा आहे, पायांचा नाही. काय चाललंय, उमेश? नविनभाई म्हणाले, बाबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या अभ्यासिकेची पाटी भलत्याच माणसाच्या नावानं होतेय.

उमेश : भलता कुठला? बाबाच. सुखदेव रघुनाथ वरठा. उद्या झरीला उद्घाटन आहे. बाबांच्या बँकेतले मोठे अधिकारी येतायत, माझे सासरे येतायत, वापीहून कंपनीतले लोक येतायत. जरा नीट दिसायला नको?

निलम : बाबा सुक्या. आजोबा रघ्या. जाऊन इतकी वर्षं झाली, त्या आजोबांचंही बारसं करून टाकलंस?

उमेश : चेष्टा करू नकोस. ती हाक मारायची नावं झाली, दगडावर कोरायची नाहीत. एक माणूस पाड्यातून शिकून बँकेचा मॅनेजर झाला. पाटी वाचून लोकांना काय वाटेल? इथं कोणी गडी कामाला होता.

निलम : वाटू दे. आत येऊन विचारतील, तेव्हा कळेल.

उमेश : हसतील, ताई.

निलम : हसू दे.

उमेश : तुझं नेहमीचंच. आवाज चढवायचा नाही आणि जागचं हलायचंही नाही. माझ्या लग्नपत्रिकेवर सुखदेवच छापलं होतं मी. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत.

निलम : पत्रिकेबद्दल नाही बोलले. पण मांडवाच्या तोंडाशी उभं राहून, येईल त्याला हात जोडून काय सांगत होते, ते ऐकलं होतंस ना? "या, या. मी सुक्या, मुलाचा बाप." तुझ्या सासऱ्यांचे पाहुणे आले, त्यांनाही. फोटोवाल्यालासुद्धा.

नविन : मने पण बोलले. मी बोललो, साहेब, मने माहीत हाय तुमचा नाव. तर बोलले, माहीत असला तरी ऐका.

उमेश : मला वाटलं, आनंदाच्या भरात करतायत.

निलम : आनंदातच होते ते.

उमेश : बरं, ते राहू दे. बँकेत तरी एस. आर. वरठाच लिहायचे ना?

निलम : झरीला बदली होईपर्यंत. तिथं साहेबाच्या टेबलावर इंग्रजी पाटी होती. माणसं कामाला यायची आणि बाहेर आंब्याखाली बसून परत जायची. आत पँटवाला साहेब बसलाय, आपल्याला काय विचारतो, म्हणून. मग एक दिवस तिथल्या पाड्यातली रखमी आली. ती कुणाला घाबरणारी नव्हे. तिनं शिपायाला साहेबाचं नाव विचारलं आणि दारातूनच हाक दिली, "ए सुक्या, तू कोणाचा?"

नविन : साहेबाला?

निलम : साहेबाला. बाबा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "रघ्याचा. आई बारकी." तेव्हा ती म्हणाली, "मग आपलाच हाय," आणि मागं वळून आंब्याखालच्या सगळ्यांना हात केला. त्याच आठवड्यात बाबांनी टेबलावर मराठी पाटी करून घेतली. पुरं नाव, मोठ्या अक्षरात.

उमेश : पुढचंही सांग ना. वरचे साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, यानं बँकेची शान जाते. गॅझेटमध्ये नाव बदलून घ्या, सुखदेव करा, प्रमोशनला बरं पडेल. हे नाव माझ्या डोक्यातून आलेलं नाही, ताई.

निलम : आणि बाबा काय म्हणाले?

उमेश : तुला पाठ आहे ते.

निलम : तुझ्या तोंडून ऐकते.

उमेश : "साहेब, सुखदेव नावाच्या माणसाला मी ओळखत नाही. तो शाखेत आला तर त्याचं खातं उघडून देईन, पण ओळखीचा पुरावा आणावा लागेल."

नविन : ओळखीचा पुरावा! हे आज माझ्या बायकोला, पुष्पाला सांगायला पाहिजे.

उमेश : हसू नका, नविनभाई. त्या हसण्यापायी प्रमोशन अडकलं. ज्यांना बाबांनी काम शिकवलं, ते त्यांच्या वर जाऊन बसले. आई रोज विचारायची, एका नावात एवढं काय ठेवलंय?

निलम : अडकलं खरं. पण मिळालं तेव्हा त्याच नावानं मिळालं. त्या दिवशी आईनं पेढे वाटले, तेव्हा घरोघरी काय सांगितलं? आमचा सुक्या मोठा साहेब झाला. तिलाही सुखदेव सुचला नाही.

उमेश : हे घरातलं झालं. तुझ्या देवापुढं म्हण पाहिजे तर. उद्या तिथं चार बाहेरचे लोक असणार आहेत.

निलम : देवापुढं रोजच म्हणते. दिवा लावला की आधी धान्यदेवी कणसरीचं नाव, मग महालक्ष्मीचं, मग आपल्या गेलेल्या माणसांची. रघ्या, बारकी, आणि आता सुक्या. बाबांना जाऊन चार महिने झाले, रोज ते नाव घेते. तिथं मी सुखदेव म्हटलं तर ते कुणाला पोचेल?

उमेश : देवाला कळतं, ताई. नाव कुठलंही घे.

निलम : देवाला कळतं रे. रखमीच्या नातवाला कसं कळेल? तो त्या दारासमोर उभा राहील आणि वाचेल, सुखदेव रघुनाथ. असेल कुणीतरी मोठा माणूस, असं म्हणेल. आणि त्याची आजी बसायची तसा आंब्याखाली जाऊन बसेल.

उमेश : तुला सगळं सोपं वाटतं. तू तलासरीच्या आश्रमशाळेत होतीस. अर्ध्या वर्गाच्या बापांची नावं हाल्या नाहीतर काकड्या. मला बाबांनी डहाणूला घातलं, चांगली शाळा म्हणून. तिथं हजेरी व्हायची. सर म्हणायचे, उमेश सुक्या वरठा. मी 'हजर' म्हणायच्या आत मागच्या बाकावरून यायचं, बोंबील. रोज. डबा उघडला की बोंबील, खेळायला गेलो की बोंबील. एकदा तर दप्तरात खराच घालून ठेवला होता. आठवडाभर वह्यांना वास.

निलम : तू घरी सांगितलं होतंस.

उमेश : सांगितलं. बाबा हसले. एवढं मोठं हसले. मला इतका राग आला की दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. आता उद्या माझी लेक सरिता त्या पाटीखाली फुलं घेऊन उभी राहणार. तिच्या मागून कोणी तसं बोललं तर? या नावाचा मार मी खाल्लाय, ताई. तू नाही.

निलम : नाही खाल्ला. ते खरं आहे.

नविन : एक मिनिट, भाई. तो बोंबील तुमचा हाय?

उमेश : कसला माझा?

नविन : आमची पुष्पा झाईची, दर्याकाठची. तिची आई, मावशा, सगळ्या मासळी सुकवणाऱ्या. बँकेत पैसा ठेवायला कोण तयार नाय. साहेब या बाजूला होते ना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर यायचे. बोंबील काठीवर वाळत घातलेले असायचे, तिथंच वाळूत बसायचे, पँट खराब झाली तरी. आणि बोलायचे, "ओला बोंबील आजच्या आज खायला लागतो, नाय तर वास मारतो. सुकवला तर पावसात दर्या बंद असला तरी चूल चालते. पैशाचा पण तसाच हाय. सगळा ओला खाऊ नका. थोडा माझ्याकडे सुकवायला द्या. माझा नावच सुक्या."

उमेश : बाबा असं म्हणायचे?

नविन : कित्ती वेळा. बायका हसून हसून पडायच्या. आणि मग दुसऱ्या दिवशी पदराला गाठ मारून बँकेत. पुष्पा अजून फिक्स डिपॉझिट बोलत नाय. पैसे सुकवले, बोलते. आमच्या पोरीचा लग्न झाला ते सुकवलेल्या पैशात.

उमेश : मला कधी सांगितलं नाही त्यांनी.

नविन : बाकी सगळ्यांना सांगायचे. कोण बोलला की साहेब, काय डोका चालतो तुमचा, तर लगेच बोलायचे, हा शब्द माझा नाय. माझा पोरगा डहाणूच्या शाळेत जातो, त्यानं तिथून आणला. फार हुशार हाय.

उमेश : मी रडत आणला होता तो, नविनभाई.

निलम : ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

नविन : पाणी देऊ का, भाई?

उमेश : नको.

नविन : मग आता बोला. 'सु' तर दोघांना चालतो. पुढं ख की क? संध्याकाळी टेम्पो येणार, झरीला जाऊन दगड भिंतीत बसवायचा हाय.

निलम : मी काही सांगणार नाही. दगड उमेशनं आणलाय, तो सांगेल. मी इथं बसते. 'ख' काढायचा असेल तर माझ्यादेखत काढा.

उमेश : सासरे विचारतील, ताई. पत्रिकेवर वेगळं होतं, म्हणतील.

निलम : विचारू देत.

उमेश : आणि सरितानं विचारलं, पप्पा, आजोबांचं नाव असं का?

निलम : तर तिला खाली बसव आणि सांग. दप्तरातल्या बोंबलापासून सांग.

उमेश : वह्यांचा वास पण सांगू?

निलम : तोच आधी सांग.

उमेश : 'क' काढा, नविनभाई. अर्धा 'क', मग 'या'. आणि त्याच्यापुढं रघ्या. रघुनाथ नाही.

नविन : बारीक, नाजूक काढू? तसा शोभून दिसतो.

उमेश : नको. खोल काढा. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे.