बॅटरी बदलली, सेटिंग राहिलं

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या म्हैसूर मराठी मंडळाचे प्रमुख माननीय गुरुराजजी, आमच्या बोगादीच्या सौर प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य वेंकटेश सर, व्यासपीठावरची आमची जुनी विद्यार्थिनी कांचन, आणि शनिवारची संध्याकाळ माझ्यासाठी मोडून इथं बसलेल्या बंधू-भगिनींनो,

आपल्याला सर्वांना माझा नमस्कार. माझी मराठी मैसुरी आहे. मधूनच कन्नड डोकावेल, तर सांभाळून घ्या. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत आले आणि इथलेच झाले, त्याला माझा काय इलाज?

आत्ता कांचननं मानपत्र वाचलं. गोड वाचलं. त्यात एक वाक्य आहे, 'तीस वर्षांत ज्यांच्या हातून एकही जोडणी चुकली नाही'. अध्यक्ष महाराज, ते वाक्य आपण खोडावं अशी माझी विनंती आहे. नुसती विनंती करून खाली बसलो तर आपण म्हणाल, संताजीराव विनयानं बोलतात. म्हणून कारण सांगणं भाग आहे. सत्काराच्या वेळी असं बोलू नये, हे मला कळतं. पण दुसरी वेळ मला मिळणार कधी?

वेंकटेश सरांनी माझ्या वर्गाची नक्कल केली, आपण हसलात. खरंच मी तसा शिकवायचो. पॅनेल कुणीही छपरावर चढवतो, बॅटरी कुणीही उचलून आणतो. त्या दोघांच्या मध्ये भिंतीवर बसणारी ती लहानशी पेटी, चार्ज कंट्रोलर, तिच्यावर सगळं घर चालतं. एका-दोन दिव्यांचं काम असेल तर साधा, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पुरतो. पॅनेलचे व्होल्ट बॅटरीपेक्षा बरेच जास्त असतील तर महागातला एमपीपीटी कंट्रोलरच घ्या. थंडीच्या सकाळी पॅनेलचे व्होल्ट चढतात, तेव्हा पेटीची मर्यादा त्याच्याही वर हवी. आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. आणि सगळ्यांत शेवटी, हात धुण्याआधी, पेटीत बॅटरीचा प्रकार बरोबर भरलाय का ते पुन्हा बघा. 'पुन्हा बघा' हे मी फळ्यावर रोज लिहायचो. कांचन मान हलवते आहे.

आता नागराजबद्दल सांगतो.

नागराज माझा शाळेपासूनचा मित्र. आपल्यापैकी कित्येकांचे शाळेचे गणवेश त्यानं शिवलेत. चाळीस वर्षं कपड्याच्या धुळीत बसला आणि फुफ्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, शहर सोडा. तेव्हा तो आणि त्याची बायको अंबूताई बेट्टदपुरला, डोंगराच्या पायथ्याशी, अंबूताईंच्या माहेरच्या घरात राहायला गेले. एक गाय पाळली. नागराजच्या नाकाला दिवसरात्र नळी. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं यंत्र असतं ना, तेच. आणि तिथली वीज म्हणजे कधी असते, कधी नसते. मग नागराजनं मला फोन केला. म्हणाला, ''संताजी, माझा श्वास आता तुझ्या खात्यात.''

मी जीव ओतून ती जोडणी केली. पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर, सगळं स्वतः निवडलं. चार वर्षं एकदाही कुरकुर नाही. पुढं शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या थकल्या, तेव्हा मीच म्हटलं, आता लिथियम बसवू, वजनाला हलकी, टिकते जास्त. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात मी ती घेऊन गेलो.

बॅटरी बदलली. पेटी चालू केली. प्रकार बदलायचा तेवढा राहिला होता, तोच आतून अंबूताईंनी जेवायला हाक मारली, ''अक्की रोट्टी गरम आहे, री, बन्नी. थंड झाली की चामडं होते.'' मी म्हटलं, जेवून करतो. नागराज कधी नव्हे तो त्या दिवशी पोटभर जेवला. गप्पा झाल्या. तीनची बस आली, आणि मी धावत सुटलो.

निघताना अंबूताईंनी विचारलं, ''नव्या बॅटरीचं काही वेगळं बघायचं काय?''

मी म्हटलं, ''काही नाही. हिरवे दिवे आहेत तोवर निर्धास्त राहा. उतरली तर शिट्टी वाजवून सांगेल.''

हे माझे शब्द. मी ते विसरलेलो नाही.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिशाची बॅटरी रिकामी होत जाते तसे तिचे व्होल्ट हळूहळू उतरतात. लिथियमचे जवळजवळ शेवटपर्यंत तसेच राहतात आणि मग एकदम कोसळतात. पेटीला वाटत होतं समोर शिशाचीच बॅटरी आहे. त्या हिशेबानं ती दिवे दाखवत होती. बॅटरी तळाला गेली तरी दिवे हिरवेच. प्रकार बदलून इशाऱ्याचा आकडा वर घेतला असता, तर शिट्टी तासभर आधी वाजली असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते.

महिनाभर काही झालं नाही, कारण वीज फारशी गेली नाही. मग श्रावणात एक झाड तारांवर पडलं. तीन दिवस वीज नाही, आभाळ गच्च, पॅनेलला ऊन नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला अंबूताई डेअरीत दूध घालायला निघाल्या. निघण्याआधी त्यांनी पेटी पाहिली. सगळे दिवे हिरवे. नागराजला म्हणाल्या, ''अर्ध्या तासात आले.'' तो म्हणाला, ''सावकाश ये, चिखल आहे.''

घरात भरलेला प्राणवायूचा सिलिंडर होता. तो जोडणं अंबूताईंना येत होतं. तासभर आधी शिट्टी झाली असती, तर त्या घराबाहेर पडल्याच नसत्या.

त्या परत आल्या तेव्हा यंत्र बंद होतं. नागराज सिलिंडरपाशी जमिनीवर पडला होता. सिलिंडर उघडायची चावी त्याच्या मुठीत होती.

क्षमा करा. पाणी नको, वेंकटेश सर. बोलतो.

नागराज गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. माणसं बाहेरच्या खोलीत बसली होती. मी आत पेटीसमोर उभा राहिलो आणि बॅटरीचा प्रकार उघडला. तिथं शिसं लिहिलेलं होतं.

मग मी काय केलं, ते आपण ऐका. मी बाहेर येऊन कुणाला सांगितलं नाही. मी बटण दाबलं, लिथियमवर आणलं, सेव्ह केलं, आणि हात खिशात घातला. तीस वर्षं 'पुन्हा बघा' म्हणणारा माणूस मी. पुन्हा पाहिलं ते असं.

मागं अंबूताई कॉफी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, ''हिरवाच होता की, संताजीराव. नोडी, मी बघून गेलते. की माझंच बघायचं चुकलं?''

सांगायला एवढी सरळ वेळ माणसाला परत येते का? मी म्हणालो, ''यंत्राचं काही सांगता येत नाही, अंबूताई.''

त्यांना ते पटलं नाही. चूक आपली, असंच त्यांनी धरलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या मुलीनंही तेच धरलं. स्पंदना बेंगळूरुला नोकरी करते, नागराजचा जीव तिच्यावर. वडिलांना एकटं टाकून आई दूध घालायला गेली, हे तिच्या मनातून जाईना. तिनं आईचा फोन घेणं बंद केलं. मला हे माहीत होतं. अंबूताई दर रविवारी तिला फोन लावतात, हेही माहीत होतं. दोन वर्षं मी याच गावात शिकवत होतो, बक्षिसं घेत होतो, आणि गप्प होतो. का? भीती होती म्हणू? नाव जाईल म्हणून? दोन्ही खरं आहे.

गेल्या महिन्यात या सत्काराचं पत्र आलं.  मी बेट्टदपुरला गेलो आणि ओसरीवर उभ्यानंच अंबूताईंना सगळं सांगितलं.

त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाल्या, ''एवढे दिवस मला का जाळलंत?''

 

मग म्हणाल्या, ''स्पंदनाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई सुटायला बघतेय.''

मी बसस्टँडवरून फोन केला. स्पंदनाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ''काका, दोन वर्षं. शंभर रविवार झाले असतील.'' आणि फोन ठेवला.

ती दुसऱ्याच दिवशी आईकडे गेली. मला वाटलं, एवढं तरी जुळेल. परवा तिनं स्वतः फोन केला. म्हणाली, ''अम्मानं कॉफी दिली, बस म्हणाली, प्रवास कसा झाला विचारलं. मी पाय धरले तर 'असू दे' म्हणाली. काका, ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलते.'' चार दिवस राहून ती परत गेली. रविवारचा फोन आता स्पंदना लावते. अंबूताई उचलतात, दोन शब्द बोलतात, ठेवतात.

अंबूताईंनी मला निरोप पाठवला, तुमचं सामान काढून न्या. काल मी एकटाच गेलो. आधी पॅनेल सोडवलं, मग बॅटरी. त्या दारात उभ्या होत्या. भिंतीवर पेटीच्या जागी चार भोकं राहिली. मी म्हटलं, ''बुजवून देतो.'' त्या म्हणाल्या, ''बेडा. राहू देत.'' आणि दार लावून घेतलं.

मित्रहो, आपण बोलावलंत, शाल पांघरलीत, माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात, त्याबद्दल मंडळाचा आणि केंद्राचा मी आभारी आहे. कांचन, माझा वर्ग आता तू घेणार आहेस. हे तिथं सांग, माझं नाव घेऊन सांग. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, शब्द घसरला असेल, आपला वेळ अधिक घेतला असेल, तर तेवढ्याची क्षमा करावी.

फक्त तेवढ्याची. नमस्कार.